विमानांची जत्रा आणि लहान मुले



विमानांची जत्रा म्हणजे काय असते आणि तिथे लहान मुलांना न्यायचे तर काय काय सांभाळावे लागते, ते मी या लेखात सांगणार आहे. गुरुजींनी मला दोन कागद जास्तीचे दिले, म्हणून लेख जरा लांब झाला आहे. उभ्याने वाचून पाय दुखले तर राहिलेला भाग मधल्या सुट्टीत वाचावा.

आपल्याला विमान काही नवीन नाही. आपले गाव ओझरच्या जवळ. ओझरचा विमानांचा कारखाना १९६४ साली सुरू झाला. तिथे आधी मिग विमाने तयार होत, नंतर सुखोई होऊ लागली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बनलेल्या पहिल्या तेजस विमानाने उड्डाण केले. द्राक्षाच्या बागेत काम चालू असताना वरून सुखोई गेले की बोलणे थांबवावे लागते. कोंबड्या पाटीखाली शिरतात. पण एक विमान डोक्यावरून जाणे वेगळे आणि विमानांची जत्रा वेगळी.

जत्रेत जशा कुस्त्या, तमाशा, पाळणे एकामागून एक असतात, तशी इथे विमाने एकामागून एक येऊन आपली कसरत दाखवतात. कोणी उलटे उडते, कोणी सरळ वर चढते, कोणी गिरकी घेते. छत्रीवाले सैनिक विमानातून उड्या मारतात. खाली लाखो माणसे माना वर करून उभी असतात.

परदेशात अशा जत्रा बहुतेक उन्हाळ्यात भरतात. इंग्लंडात फेअरफर्ड येथे जुलै महिन्यात मोठी जत्रा भरते. अमेरिकेत ऑशकॉश नावाचे गाव आहे, तिथे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सुमारे दहा हजार विमाने जमतात आणि लोक आपापल्या विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून राहतात. (आपल्याकडे बैलगाडीखाली झोपतात तसेच!) तिकडे उन्हाळा म्हणजे निरभ्र आकाश, मोठा दिवस आणि शाळेला सुट्टी, म्हणून तो काळ निवडतात. आपल्याकडे उन्हाळ्यात अशी जत्रा भरवली तर माणसे भाजून निघतील. म्हणून बंगळूरजवळ येलहंका येथे भरते ती फेब्रुवारीत असते, आणि मुंबईला मरीन ड्राइव्हवर झाली ती १२ ते १४ जानेवारी २०२४ ला झाली.

ही मुंबईची जत्रा आम्ही पाहिली. मी तेव्हा दुसरीत होते आणि आमचा बाळू तीन वर्षांचा होता. आत्या मुंबईला राहते, तिच्याकडे आदल्या दिवशी उतरलो. आजी म्हणाली होती, "पोराला कशाला नेता, त्याला काय कळतंय?" बाबा म्हणाले, "बघू दे की, विमान काय रोज बघायला मिळतं?" आजी म्हणाली, "रोजच बघतो की तो!" आणि ते खरेच होते.

दुपारी बारा ते एक असा कार्यक्रम होता. आम्ही दोन तास आधीच समुद्राच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. विमाने समुद्रावर कसरत करतात, लोकांच्या डोक्यावर नाही. यामागे कारण आहे, ते पुढे सांगते. सारंग नावाची हेलिकॉप्टरे आली, त्यांच्यावर मोर रंगवलेला असतो. सूर्यकिरण या पथकाची नऊ विमाने असतात. ती इतकी जवळजवळ उडतात की दोन विमानांच्या पंखांमध्ये पाच मीटरसुद्धा अंतर नसते. म्हणजे आपल्या वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतही नाही. एक मोठे पोटाळे मालवाहू विमान हळूहळू गेले, तेव्हा बाळूने विचारले, "ताई, ही ह्यांची आई का?" आजूबाजूची माणसेसुद्धा हसली.

मग सुखोई आले. आम्हाला वाटले, सुखोईची बाळूला सवय आहे. पण गावात ते उंचावरून जाते. इथे ते खाली आले आणि एकदम उभे वर चढले. आवाज छातीत घुमला. बाळूने जी कळ धरली, ती काही केल्या सुटेना. रडून रडून त्याचा चेहरा निळा पडला. आईने त्याला छातीशी धरले, त्याच्या कानांवर हात दाबले आणि गर्दीतून वाट काढत ती मागच्या एका इमारतीच्या जिन्यात जाऊन बसली. कार्यक्रम संपेपर्यंत ती तिथेच होती. आम्ही सगळ्यांनी सुखोई पाहिले, आईने पाहिले नाही. घरी आल्यावर बाबा तिला म्हणाले, "तुझं सुखोई राहिलं." ती म्हणाली, "मला धुणं वाळत घालताना दिसतं की रोज."

तेव्हा तो आवाज असा एकदम कसा येतो, हे मी नंतर गुरुजींना विचारले. त्यांनी फळ्यावर समजावून दिले. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे एक किलोमीटर यायला त्याला तीन सेकंद लागतात. वीज आधी चमकते आणि गडगडाट मागून येतो, तो याच कारणाने. आता विमान ताशी ९०० किलोमीटर वेगाने चालले असेल तर एका सेकंदात २५० मीटर जाते. म्हणजे एक किलोमीटरवरचा त्याचा आवाज आपल्या कानापर्यंत पोचेतो ते पाऊण किलोमीटर पुढे गेलेले असते. आवाज जिथून येतो तिथे विमान नसतेच! शिवाय या विमानाचा जाळ मागच्या बाजूने निघतो, त्यामुळे ते समोरून येत असताना आवाज कमी वाटतो आणि पुढे निघून गेले की एकदम फुटल्यासारखा होतो. मोठ्या माणसाला हे ठाऊक असते. तो विमान पाहून मनाची तयारी करतो. लहान मुलाला विमान दिसलेलेच नसते. त्याच्या दृष्टीने भर दुपारी आभाळ फाटते. म्हणून ते भित्रे आहे असे म्हणू नये.

आवाज डेसिबल या मापाने मोजतात. आपण बोलतो तो साधारण ६० डेसिबल असतो. ८५ च्या वरचा आवाज पुष्कळ वेळ कानावर पडला तर कानाला इजा होते. जवळून उडणाऱ्या लढाऊ विमानाचा आवाज १२० च्याही वर जाऊ शकतो. लहान मुलाच्या कानाची नळी अरुंद असते, म्हणून त्याच आवाजाचा दाब त्याच्या कानावर मोठ्यांपेक्षा जास्त पडतो. आणि कान एकदा गेला की तो गुडघ्याच्या जखमेसारखा भरून येत नाही. कानाच्या आतले बारीक केसासारखे तंतू मेले की परत उगवत नाहीत. पुष्कळ जण कानात कापसाचे बोळे घालतात. त्यांनी थोडासा फरक पडतो, फार नाही. छोटे रबरी बोळे मुलांना देऊच नयेत, तीन वर्षांचे मूल ते तोंडात घालते. विमानतळावर काम करणारे लोक डोक्यावरून पट्टा असलेली आणि दोन्ही कान झाकणारी वाट्यांसारखी वस्तू घालतात. तशी लहान मुलांच्या मापाचीही मिळते. आम्ही तिला कानझाकणे म्हणतो. ती घरी आधी दोनतीन दिवस खेळायला द्यावीत. तिथे गेल्यावर एकदम डोक्यावर चढवली तर मूल ती काढून फेकते. बाबांनी नंतर बाळूला आणून दिली, तर तो ती घालून शेळ्या राखायला जातो.

जे तान्हे बाळ आहे, त्याला तर नेऊच नये असे माझे मत आहे. त्याला दिसत काही नाही आणि सोसावे मात्र सगळे लागते.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगते, ते म्हणजे ऊन. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईला मरीना समुद्रकिनाऱ्यावर हवाई दलाच्या ९२ व्या वर्धापनदिनानिमित्त अशीच जत्रा भरली होती. ७२ विमाने होती. सुमारे १५ लाख लोक आले असे सांगण्यात आले. आपल्या संपूर्ण तालुक्यातही इतकी माणसे नाहीत. कार्यक्रम अकरा ते एक होता, म्हणजे ऐन दुपारी. आपल्याकडे ऑक्टोबरचे ऊन कसे चटके देते ते पालकांना माहीत आहे. लोक सकाळपासून वाळूत बसलेले होते. सावली नव्हती. कार्यक्रम संपल्यावर सगळे एकदमच उठले. रस्ते तुंबले, रेल्वेची स्टेशने तुंबली, प्यायला पाणी मिळेना. पुष्कळ जण चक्कर येऊन पडले, दोनशेच्या वर लोकांना दवाखान्यात न्यावे लागले, आणि ५ माणसे दगावली. विमानाला काहीच अपघात झाला नव्हता. सगळी विमाने सुखरूप उतरली होती. माणसे उन्हाने गेली.

ही पाचही मोठी माणसे होती. मोठ्यांना तहान लागली तर ते बोलून दाखवतात, पाणी शोधायला जातात. तीन वर्षांचे मूल काय करणार? ते किरकिर करते. मग आपण म्हणतो, गप बस, ते बघ विमान.

लहान मूल मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते. त्याला घामही मोठ्या माणसाएवढा येत नाही. आणि गंमत बघण्यात गुंगले की ते पाणी मागत नाही. म्हणून मागायची वाट न बघता दर पंधरावीस मिनिटांनी दोनतीन घोट पाजावेत. मुलाचे तोंड कोरडे पडले, फार वेळ लघवीला झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, ते एकदम मलूल होऊन झोपाळल्यासारखे झाले, तर ते दमले आहे असे समजून खांद्यावर टाकून ठेवू नये. ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने अंग पुसावे, थोडे थोडे पाणी पाजावे. उलटी होत असेल, अंग फार तापले असेल किंवा हाकेला ओ देत नसेल तर डॉक्टरांकडेच न्यावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. जलसंजीवनी घरी करता येते: एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नये, मोजूनच टाकावे. आमच्या आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, "आम्ही मीठ-साखरेचं पाणी कधीपासून देतो!" पण ती मोजत नव्हती.

टोपी रुंद काठाची असावी. सुती उपरणे भिजवून मानेवर टाकले तर फार बरे वाटते. पाण्याच्या बाटलीला ओले फडके गुंडाळले तर पाणी गार राहते, शेतात नेतो तशी. मूल झोपले म्हणून त्याला बंद मोटारीत ठेवून मोठ्यांनी विमाने बघायला जाणे, हे तर कधीही करू नये. उन्हात उभी असलेली मोटार काही मिनिटांतच भट्टीसारखी होते. बघता बघता विमान सूर्याकडे गेले तर नजर काढून घ्यावी, आणि दुर्बीण तर सूर्याच्या बाजूला फिरवूच नये. मुलाच्या हातात दुर्बीण देऊन आपण दुसरीकडे पाहणे बरे नव्हे.

यावरून मला जे वाटले ते असे. विमानांच्या जत्रेत सगळी माणसे वर बघतात. जत्राच वर असते ना! गावच्या जत्रेत माणसाची नजर समोर असते, म्हणून पोर डोळ्यांच्या टापूत राहते. इथे घरातल्या पाचही जणांची तोंडे आभाळाकडे, आणि पोर खाली, गुडघ्याएवढे. त्याला तर माणसांच्या पाठीच दिसतात. म्हणून एक माणूस असा ठरवावा की जो वर बघणारच नाही. त्याने फक्त मुलाकडे बघायचे. दहा मिनिटांनी दुसऱ्याने पाळी घ्यायची. आमच्या घरी हा नियम आता यात्रेतसुद्धा चालतो. खंडोबाच्या यात्रेत बाबांची पाळी होती तेव्हा कुस्ती रंगात आलेली होती. त्यांनी बाळूकडे बघत बघतच विचारले, "कोण पडला रे?" नाहीतर काय होते, की पाळी कोणी ठरवत नाही आणि ती आपोआप आईवर येते.

गर्दीत मूल हरवू नये म्हणून आत्याने एक युक्ती सांगितली. तिने सकाळी घरातून निघताना बाळूच्या दंडावर पेनने बाबांचा मोबाईल नंबर लिहिला आणि त्याचा त्याच कपड्यांत एक फोटो काढून ठेवला. मूल हरवले की आईबाप इतके घाबरतात की त्याने कोणत्या रंगाचा सदरा घातला होता तेसुद्धा आठवत नाही, असे ती म्हणते. लाखो माणसे एका जागी जमली की फोन लागत नाहीत, म्हणून चुकलो तर कुठे भेटायचे तेही आधी ठरवावे. खूण हलणारी नसावी. "त्या भेळवाल्यापाशी" असे ठरवले आणि भेळवाला निघून गेला तर काय? माझ्याएवढ्या मुलांनी हरवल्यावर इकडेतिकडे धावू नये, आहे तिथेच उभे राहावे, आणि पोलीस किंवा लेकुरवाळी बाई दिसली तर तिला सांगावे.

आता विमाने समुद्रावर का, ते सांगते. इंग्लंडात फार्नबरो येथे ६ सप्टेंबर १९५२ रोजी जत्रेत एक विमान हवेतच तुटले. त्याचे तुकडे लोकांमध्ये पडले. विमानातले दोघे आणि पाहणारे २९ जण मेले. त्यानंतर तिकडे नियम कडक झाले. लोकांच्या डोक्यावर कसरत करायची नाही, लोकांपासून लांब, समोरच्या पट्ट्यातच करायची. म्हणून कुठेही गेलो तरी दोरी बांधलेली असते. पुष्कळ जण पोराला खांद्यावर घेऊन दोरीपुढे जायला बघतात. विमान आकाशात आहे, दहा पावले पुढे गेल्याने ते काही मोठे दिसत नाही. मला तर वाटते, लहान मूल बरोबर असले तर उलट मागेच बसावे. सावली मागे असते, लघवीची सोय मागे असते, आणि निघायची वाटही मागेच असते.

खाण्याचे आम्ही घरूनच नेले होते: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी आणि गूळ. उष्टे खरकटे तिथे टाकू नये. यात नुसता स्वच्छतेचा प्रश्न नाही. खरकट्यावर घारी येतात, आणि घार विमानाच्या इंजिनात शिरली तर विमान पडू शकते. येलहंकाच्या जत्रेच्या वेळी आसपासची मांसाची दुकानेसुद्धा बंद ठेवायला सांगतात, ती घारींमुळेच. मी हे वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, म्हणजे चपातीच्या तुकड्याने सुखोई पडेल! हसायला हरकत नाही, पण खरे आहे.

लहान मूल जास्तीत जास्त तासभर रमते. पैसे खर्च करून आलो आहोत, म्हणून शेवटपर्यंत थांबलेच पाहिजे असे मोठ्यांना वाटते. मुलाचे तसे नसते. बाळूला सगळ्यांत जास्त काय आवडले असेल? छत्रीवाले. ते आवाज करत नाहीत, हळूहळू येतात आणि रंगीत असतात. त्यानंतर त्याला शेंगदाणेवाल्याची पुंगळी आवडली. निघायचे तर एक तर संपायच्या थोडे आधी निघावे, नाहीतर सगळी गर्दी ओसरेपर्यंत सावलीत बसून राहावे. मधल्या वेळी सगळ्यांबरोबर उठू नये. आम्ही आईजवळ जिन्यात बसून उरलेल्या दशम्या खाल्ल्या आणि मग निघालो. तोवर बाळू झोपला होता.

त्याला आता पाचवे वर्ष लागले आहे. अंगणवाडीत तो सगळ्यांना सांगतो की आधी विमान दिसते आणि मग ओरडते. सुखोई आले की तो स्वतःच कानांवर हात ठेवतो आणि मोठ्याने एक, दोन, तीन मोजतो. पुष्कळदा मोजणे चुकते, कारण त्याला चार आधी येतो.

कानझाकण्याचे चित्र खाली काढले आहे. पिवळा खडू संपल्यामुळे पट्टा हिरवा केला आहे. खऱ्या वस्तूचा पट्टा कोणत्याही रंगाचा असतो.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी